बॉम्बचा थर वितळतोय आणि आपल्याकडे त्याची नक्कलसुद्धा नाही

कैलास मानसरोवर करून आलेल्या कुणालाही विचारा, सरोवराच्या दक्षिणेला एक अवाढव्य पांढरा डोंगर दिसतो, तो गुर्ला मांधाता. उंची ७,६९४ मीटर, तिबेटी नाव नैमोनानी. यात्रेकरू कैलासाकडे तोंड करून हात जोडतात त्यामुळे ह्या डोंगराकडे पाठच होते, पण मला ह्याच डोंगराबद्दल बोलायचंय, कारण २००६ साली ह्याच्या एका हिमनदीवर, सहा हजार मीटरच्याही वर, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉनी थॉम्पसन यांच्या टीमने चिनी संशोधकांसोबत ड्रिल लावून बर्फाचे लांबलचक दंडगोल बाहेर काढले, ज्याला आइस कोअर म्हणतात, आणि त्यात जी गोष्ट हमखास सापडायला हवी होती ती सापडलीच नाही.

सापडायला हवी होती ती बॉम्बची राख. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिका, सोव्हिएत रशिया, ब्रिटन ह्यांनी उघड्या हवेत जे अण्वस्फोट केले त्यांची किरणोत्सारी धूळ जगभर पसरली आणि पावसाबरोबर, बर्फाबरोबर खाली आली. समुद्रात पडली ती पाण्यात मिसळून गेली, जमिनीवर पडली ती मातीत मुरली, नांगरटीत वरखाली झाली. पण जिथे वर्षानुवर्षं बर्फावर बर्फ साचत जातो तिथे ती त्या त्या वर्षाच्या थरातच अडकून बसली. ग्रीनलंड, आल्प्स, अँडीज, तिबेट, अंटार्क्टिका, कुठलाही चांगला कोअर घ्या, वरून खाली तुकडे करत वितळवत मोजत गेलात की एका ठराविक खोलीवर किरणोत्साराचा आकडा एकदम उसळतो, तो १९६३ च्या आसपासचा थर, मग थोडं खाली आकडा उतरतो, आणि मग आणखी खाली एक लहान उसळी येते ती १९५० च्या दशकाच्या मध्याची. दक्षिण गोलार्धात हे थर थोडे उशिराचे असतात एवढाच फरक. जगभरातले हिमनद्यांचे अभ्यासक ह्या दोन खुणांवरून बाकीच्या थरांची वर्षं लावतात.

नैमोनानीत दोन्ही खुणा नाहीत. बीटा किरणांची मोजणी झाली, अण्वस्फोटांत तयार होणारे किरणोत्सारी पदार्थ शोधले, ट्रिटियम बघितलं, क्लोरीन-३६ बघितलं, काही नाही. २००८ साली नॅटली केअरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी पेपर छापला त्यात निष्कर्ष सरळ होता, की ह्या हिमनदीवर निदान १९५० पासून बर्फाची निव्वळ भर पडलेलीच नाही. म्हणजे मधल्या पन्नासेक वर्षांत जो बर्फ पडला तो सगळा गेला, आणि २००६ साली त्या हिमनदीच्या माथ्यावर तुम्ही पाय ठेवला असता तर तुमच्या बुटाखालचा बर्फ हिरोशिमाच्या आसपासचा किंवा त्याच्याही आधीचा असता. हिमनदी खालच्या टोकाला मागे सरकते हे आपण गंगोत्रीच्या फोटोंमुळे ऐकून आहोत, पण इतक्या उंचीवर, जिथे बर्फ साचायलाच हवा तिथे, ती वरूनच उतरत चालली आहे हे त्या वेळेपर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. आणि ह्याच परिसरात सिंधू, सतलज, कर्णाली, ब्रह्मपुत्रा सगळ्यांचे उगम आहेत.

मला ह्या शोधात दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात आणि त्या वेगळ्या करून बघायची आपल्याला सवय झालीय असं वाटतं. एक पाण्याची गोष्ट, तिच्यावर निदान बोललं तरी जातं. दुसरी साक्षीची. काही मोजक्या देशांनी अख्ख्या जगाच्या हवेत, कुणालाही न विचारता, जे सोडलं त्याची नोंद त्या बर्फात होती आणि ती नोंद आता पुसली जातेय. माझं म्हणणं असं की ही नोंद जपणं हे भारताचं स्वतःचं काम आहे, ते आपण करत नाही आहोत, आणि अजून करता येण्यासारखं आहे तोवर करायला पाहिजे.

आधी ती नोंद नेमकी काय सांगते ते बघू, कारण त्याशिवाय ती जपायची कशाला हे पटणार नाही.

पहिला स्फोट १६ जुलै १९४५ चा, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातला. पण हिरोशिमासारख्या किलोटनातल्या, म्हणजे हजारो टन टीएनटीच्या ताकदीच्या, बॉम्बची धूळ बरीचशी खालच्या वातावरणातच राहते आणि काही दिवसांत, आठवड्यांत पावसाने धुऊन निघते. जगभर पसरणारी धूळ सुरू झाली ती हायड्रोजन बॉम्बपासून, त्याची ताकद मेगाटनात, म्हणजे हजार किलोटनाच्या पटीत मोजतात. १ मार्च १९५४ ला पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने कॅसल ब्राव्हो नावाचा स्फोट केला, साधारण ६ मेगाटनचा होईल असा अंदाज होता, झाला १५ मेगाटनचा. शेजारच्या राँगेलाप बेटावरच्या लोकांच्या अंगावर पांढरी भुकटी पडली, पोरं त्यात खेळली, त्यांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. जपानची एक मासेमारी बोट जवळच्या समुद्रात होती, तेवीस खलाशी सगळे आजारी पडले, त्यातले आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. ही माणसं हायड्रोजन बॉम्बच्या धुळीची सुरुवातीची बळी, आणि बर्फातला पहिला थर मुख्यतः ह्याच पॅसिफिकमधल्या स्फोटांचा. एवढा मोठा स्फोट झाला की ढग वातावरणाच्या वरच्या थरात, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये घुसतो, तिथे पाऊस नाही त्यामुळे धूळ खाली यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तोपर्यंत वारे तिला सगळीकडे फिरवतात, आणि मग दर वसंतात मधल्या अक्षांशांवर ती जास्त प्रमाणात खाली उतरते. समुद्रावर स्फोट झाला की आणखी एक गोष्ट होते, न्यूट्रॉन समुद्राच्या मिठातल्या क्लोरीनवर आदळतात आणि क्लोरीन-३६ तयार होतं, ते निम्मं व्हायला तीन लाख वर्षं लागतात. हिमालयातल्या बर्फात क्लोरीन-३६ ची उसळी सापडली तर तो बिकिनी आणि एनेवेटाक ह्या पॅसिफिकमधल्या चाचणी-बेटांच्या समुद्राचा अंश समजायचा, हजारो किलोमीटर लांबून आलेला.

मग १९५८ च्या अखेरीस अमेरिका, रशिया, ब्रिटन तिघांनी चाचण्या थांबवल्या. थरात आकडा उतरतो तो इथे. तीन वर्षं जेमतेम झाली आणि सप्टेंबर १९६१ मध्ये रशियाने पुन्हा सुरू केल्या, ३० ऑक्टोबरला आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटांवर ५० मेगाटनचा बॉम्ब फोडला, आजवरचा सगळ्यात मोठा, मग अमेरिकाही सुरू झाली आणि १९६१-६२ ह्या दोन वर्षांत जे काही झालं त्याचीच धूळ १९६३ च्या वसंतात खाली आली. ती मोठी उसळी.

आणि मग ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत करार झाला, हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या बंद, जमिनीखाली चालतील. करार अर्धवटच होता, फ्रान्स आणि चीनने तो मानला नाही, फ्रान्स १९७४ पर्यंत आणि चीन १९८० पर्यंत हवेत स्फोट करत राहिले. पण कुठलाही कोअर घ्या, १९६३ च्या थरानंतर आकडा वर्षागणिक उतरत जातो. मला ह्याचं फार मोल वाटतं. आंतरराष्ट्रीय करारांनी काही होत नाही, सगळे कागदी घोडे असतात, असं आपण चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत ऐकतो, आणि इथे एका कराराचा परिणाम बर्फात मोजता येतो, कुणाच्या भाषणावर विश्वास ठेवायची गरज नाही. पेपर फाडता येतात, फायली जाळता येतात, आकडे दाबून ठेवता येतात, पण हिमनदीच्या सातबाऱ्यावर कुठल्याच सरकारला फेरफार करता येत नाही.

ह्या सगळ्यात भारत बाजूला उभा राहून बघत होता असं नाही हेही सांगायला हवं. ब्राव्होनंतर महिनाभरातच, २ एप्रिल १९५४ ला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली, अशी मागणी करणारे ते पहिल्या नेत्यांपैकी. त्यांनीच डी. एस. कोठारींना अण्वस्फोटांच्या परिणामांवर सविस्तर पुस्तक लिहायला लावलं आणि ते १९५६ साली सरकारनेच छापलं, त्या काळी एवढी माहिती सामान्य माणसापुढे मांडणारं सरकार दुर्मिळ होतं. अणु-किरणोत्साराचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती १९५५ मध्ये झाली तिच्यात आपण सुरुवातीपासून आहोत. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्राने पन्नाशीच्या दशकातच देशात ठिकठिकाणी हवेतलं, पावसातलं फॉलआउट, म्हणजे स्फोटांची खाली येणारी किरणोत्सारी धूळ, मोजायला सुरुवात केली. मॉस्कोचा करार झाल्यावर तीनच दिवसांत, ८ ऑगस्ट १९६३ ला, आपण सही केली. पुढे आपण स्वतः १९७४ आणि १९९८ ला पोखरणला स्फोट केले, त्याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल, पण ते जमिनीखाली केले आणि त्या सहीमुळे तसेच करावे लागले असते हे खरं आहे.

महाराष्ट्रातही ह्याची एक नोंद आहे, फारशी कुणाला माहीत नसलेली. ठाणे जिल्ह्यातल्या एका सागाच्या झाडाची वर्तुळं अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या (पीआरएल) संशोधकांनी तपासली, एकेक वर्ष सुटं करून, आणि त्यात साठच्या दशकाच्या मध्यात कार्बन-१४ चा, म्हणजे किरणोत्सारी कार्बनचा आकडा एकदम वर गेलेला दिसतो. हवेतल्या स्फोटांनी कार्बन-१४ उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट झाला होता, झाडांनी तो श्वासात घेतला, त्या वर्षांत जन्मलेल्या आणि वाढलेल्या आपल्या आईवडिलांनीही घेतला. नेवाडा आणि नोवाया झेमल्यातल्या स्फोटांशी ठाण्याचा काय संबंध असं कुणी विचारलं तर उत्तर त्या लाकडात आहे. पण आपल्या गोदावरी-कृष्णा पावसावरच्या नद्या, इथे बर्फ नाही, थरावर थर साचवणारं काही फारसं नाही, आपल्यावर पडलेली बरीचशी धूळ कधीच वाहून किंवा मातीत मिसळून गेली. देशाची ही नोंद सलग आणि वर्षवार राहायची असेल तर ती हिमालयातच.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, कारण ह्या विषयावर काही लिहिलं की लगेच गंगेच्या पाण्यात अणुबॉम्ब असले व्हिडिओ फिरायला लागतात. असं काही नाही. बर्फातली ही खूण मोजायलाही संवेदनशील यंत्रं लागतात. ह्या धुळीतलं सीझियम-१३७ दर तीस वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे १९६३ मधलं आज पावपेक्षाही कमी उरलंय, ट्रिटियमचा काळ बारा वर्षांच्या आसपास, त्याचं तर शंभरातले तीन भाग उरले असतील. नदीच्या पाण्यात मिसळल्यावर त्याचा धोका सांगण्यासारखा पुरावा नाही. जिथे खरोखर लक्ष द्यायला पाहिजे ती जागा वेगळी आहे. वितळणाऱ्या हिमनदीच्या पृष्ठभागावर काळा गाळ जमतो, क्रायोकोनाइट म्हणतात त्याला, धूळ, काजळी आणि सूक्ष्मजीव मिळून झालेला, आणि तो बर्फातून सुटलेले किरणोत्सारी कण धरून ठेवतो, साठवत जातो. ब्रिटनमधल्या कॅरोलाइन क्लेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्क्टिक, आइसलंड, आल्प्स, कॉकेशस, कॅनडा, अंटार्क्टिका अशा सतरा ठिकाणचा गाळ तपासला आणि सतराच्या सतरा ठिकाणी फॉलआउट सापडलं, बॉम्बचं आणि काही ठिकाणी चेर्नोबिलचंही. काही नमुन्यांतले आकडे अणुअपघाताच्या परिसराबाहेर सहसा न दिसणारे होते. घाबरायला हे कारण नाही, मोजायला नक्की आहे, कारण उन्हाळी कुरणं हिमनद्यांच्या खालीच असतात, मेंढपाळ आणि त्यांची जनावरं तेच पाणी पितात, आणि लाहौल, झांस्कर, मुनस्यारीच्या माणसाला आपल्या वरच्या बर्फात काय आहे हे कळायचा हक्क आहे. मोजून नगण्य निघालं तर तेही त्याला अधिकृतपणे सांगा.

न सांगितल्यावर काय होतं ह्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने लोप नोरला पहिला अणुस्फोट केला, त्यावर नजर ठेवायला म्हणून १९६५ मध्ये अमेरिकेची सीआयए आणि आपलं इंटेलिजन्स ब्युरो ह्यांनी मिळून नंदादेवीवर एक यंत्र बसवायचं ठरवलं, त्याला वीज पुरवायला प्लुटोनियमवर चालणारा जनरेटर. कॅप्टन मनमोहन सिंग कोहली मोहिमेचे नेते. वादळ आलं, सामान वरच बांधून ठेवून टीम खाली आली, पुढच्या वर्षी परत गेली तर जनरेटर जागेवर नाही, आजतागायत सापडलेला नाही. देशाला हे कळलं १९७८ मध्ये, तेही अमेरिकेतल्या एका मासिकामुळे, मग मोरारजी देसाईंनी संसदेत कबूल केलं आणि शास्त्रज्ञांची समिती नेमली. तेरा वर्षं तिथल्या खोऱ्यातल्या लोकांना कुणी एक शब्द सांगितला नव्हता. त्याचा परिणाम असा, की ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेला महापूर आला, दोनशेच्या वर माणसं गेली, तेव्हा रैणी गावातल्या लोकांच्या तोंडी पहिली शंका आली ती त्या यंत्राची. शास्त्रज्ञांनी नंतर दाखवलं की रोंती शिखराचा खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळल्याने पूर आला, त्या जनरेटरचा त्याच्याशी संबंध नाही. पण गावकऱ्यांना अडाणी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, ज्यांच्यापासून तेरा वर्षं लपवून ठेवलं त्यांनी पुढच्या वेळी विश्वास का ठेवावा.

म्हणून माझी मागणी दोन भागांत आहे पण मुळात ती एकच आहे.

भारताच्या हद्दीतल्या हिमालयातून, जिथे जिथे उंचीवर अजून थंड आणि न वितळलेला बर्फ शिल्लक असेल तिथून, खोल आइस कोअर काढायचा राष्ट्रीय कार्यक्रम हवा. हिमालय-तिबेटचे जे नावाजलेले कोअर आहेत, १९९२ चा गुलिया, १९९७ चा ७,२०० मीटरवरचा दासुओपु, आणि नैमोनानी, ते सगळे पलीकडच्या बाजूचे. आपल्याकडे काम झालंच नाही असं म्हणणार नाही, पीआरएलच्या निजामपूरकर आणि सहकाऱ्यांनी काश्मीरमधल्या नेहनार हिमनदीचं किरणोत्सारी खुणांवरून कालमापन १९८२ सालीच छापलं होतं, अतिशय मेहनतीचं काम. पण ते धागे पुढे नेऊन लांबच्या लांब, वर्षवार, हिमालयभर पसरलेली नोंद उभी राहिली नाही. आणि सोय नाही म्हणावं तर सोय आहे, गोव्यात, वास्कोजवळ सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, समुद्राला लागून, तिथे उणे वीस डिग्रीच्या कोठारात अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे कोअर ठेवतात आणि तपासतात. ह्याच संस्थेचं स्पितीमध्ये चार हजार मीटरच्या वर हिमांश नावाचं स्टेशन २०१६ पासून चालू आहे. माणसं आहेत, फ्रीझर आहे, प्रयोगशाळा आहे. अंटार्क्टिकाचा बर्फ गोव्यात आणता येतो तर लडाखचा का येणार नाही.

घाई का, ह्याचं उत्तर आल्प्समधून घ्या. स्वित्झर्लंडमधल्या कोर्बासिएर हिमनदीवरून २०१८ मध्ये काढलेला कोअर चांगला निघाला, त्यातल्या नोंदी वाचता आल्या. २०२० मध्ये त्याच ठिकाणी परत ड्रिल केलं तर वितळलेलं पाणी थरांमधून झिरपून नोंदी धुतल्या गेल्या होत्या. दोन वर्षांत. बर्फ तिथेच होता, वरून बघितलं तर हिमनदी दिसत होती, आतला मजकूर गेला होता. काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० मध्ये आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटल्या. आइस मेमरी नावाच्या प्रकल्पाने जगभरातले कोअर अंटार्क्टिकात कॉन्कॉर्डिया स्टेशनपाशी साठवायला घेतलेत कारण तिथे वीज गेली तरी बर्फ वितळणार नाही, त्या साठ्यात आपल्या हिमालयाचा कोअर आपण स्वतः काढून ठेवलेला असावा एवढी तरी इच्छा धरायला काय हरकत आहे.

मागणीचा दुसरा भाग म्हणजे मोजलेलं उघडं करा. ट्रॉम्बेने पन्नास-साठच्या दशकात हवेत, पावसात, दुधात जे मोजलं ते जुन्या छापील रिपोर्टांमध्ये विखुरलंय, ते सगळं एका ठिकाणी, कॉम्प्युटरला वाचता येईल असं, कुणालाही उतरवून घेता येईल असं टाका. सत्तर वर्षांपूर्वीच्या पावसातल्या स्ट्रॉन्शियमच्या (हाही त्या धुळीतलाच एक किरणोत्सारी पदार्थ) आकड्यात आज कुठलं गुपित आहे? अमेरिकेने शीतयुद्धातल्या हेरगिरी उपग्रहांचे फोटो खुले केले, आणि सत्तरच्या दशकातल्या त्याच फोटोंवरून २०१९ मध्ये संशोधकांनी हिमालयातल्या साडेसहाशे हिमनद्या मोजून दाखवलं की २००० नंतर वितळायचा वेग आधीच्या पंचवीस वर्षांपेक्षा दुप्पट झालाय. हेरांनी काढलेले फोटो आज आपल्या पाण्याचा हिशोब सांगतायत. आपल्या फायलींमध्ये असं काय काय पडून असेल ह्याचा विचार केला की जीव तुटतो.

आक्षेप येतील, त्यातले काही रास्त आहेत. मराठवाड्यात टँकर फिरतायत, शेतकरी मरतोय आणि तुम्हाला बर्फाच्या कांड्या जपायला पैसे हवेत, असं कुणी म्हटलं तर मी त्याला गप्प करणार नाही, दुष्काळ खरा आहे. फक्त एवढंच सांगेन की कोअर काढायच्या मोहिमेचा खर्च आपल्या देशाच्या विज्ञानाच्या बजेटमध्येसुद्धा किरकोळ असतो, टँकरचे पैसे त्यासाठी वळवायला लागत नाहीत, आणि उत्तरेतल्या कोट्यवधी लोकांच्या उन्हाळी पाण्याचा अंदाज ह्याच थरांवरून बांधायचा आहे. दुसरा आक्षेप सीमेचा, की हे सगळे भाग संवेदनशील आहेत, परवानग्या मिळत नाहीत, नमुने बाहेर पाठवता येत नाहीत. हा मला जास्त गंभीर वाटतो कारण तो खरा आहे आणि माणसांनी केलेला आहे. सियाचीनवर आपण चाळीस वर्षं सैन्य ठेवलंय, हेलिकॉप्टर रोज उडतात, जगात कुठल्या देशाकडे इतक्या उंचीवर माणसं आणि सामान पोचवायचा इतका अनुभव नसेल. तोच अनुभव महिनाभर पाच-सहा शास्त्रज्ञ आणि एका ड्रिलसाठी वापरायचा निर्णय ज्यांनी घ्यायचा ते दिल्लीत बसतात आणि त्यांना कुणी विचारत नाही म्हणून तो होत नाही.

तिसरा आक्षेप असा की अमेरिका-रशियाने घाण केली, त्यांनीच निस्तरावी. भावना पटते मला. पण आरोपीवर पुरावा सांभाळायची जबाबदारी टाकली तर काय होतं हे राँगेलापच्या लोकांना विचारा, १९५७ मध्ये त्यांना जागा सुरक्षित आहे म्हणून परत नेलं आणि १९८५ मध्ये पोराबाळांसकट ते स्वतःच बेट सोडून गेले. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात स्वतःची मोजणी असली पाहिजे. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५८ पासून आयांनी पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून शास्त्रज्ञांना दिले, लाखोंनी दिले, त्यात स्ट्रॉन्शियम-९० वाढत चाललेलं दिसलं आणि १९६३ च्या कराराच्या बाजूने जनमत तयार व्हायला त्या दातांचा मोठा हात होता. सरकार सगळं ठीक आहे म्हणत होतं तेव्हा लोकांकडे स्वतःचा आकडा होता.

आणि हे जुनं प्रकरण म्हणून मिटलेलं नाही. १९९६ चा सर्व चाचण्यांवर बंदी घालणारा करार अजून लागू झालेला नाही, आपणही त्यावर सही केलेली नाही, रशियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपली मंजुरी मागे घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा चाचण्या सुरू करायचं जाहीर बोलून दाखवलं. उद्या कुणी काही केलं आणि नाकारलं तर आधीची पातळी काय होती हे दाखवायला नोंद लागेल, आणि ती आपल्या ताब्यातली, आपल्या लॅबमध्ये मोजलेली असली तर आपलं म्हणणं कुणाला उडवून लावता येणार नाही. भारताने १९५४ मध्ये जगाला थांबा म्हटलं तेव्हा आपल्याकडे मोजायची साधनं जवळपास नव्हती, नैतिक बळावर बोललो. आता साधनं आहेत.

प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात त्यामुळे काही जण म्हणतात की खूण कुठे जात नाही, सावकाश करू. खूण जात नाही, तिला वर्षवार धरून ठेवणारा बर्फ जातो, आणि एकदा ती गाळात उतरली की तिच्यावरून कुठलंच वर्ष सांगता येत नाही. पुढच्या दोन-तीन हंगामांत लडाख आणि काराकोरमच्या उंच भागात निदान पाहणीची ड्रिल तरी व्हावी, प्रत्येक कोअरचा एक भाग तपासायला आणि दुसरा न कापता सड्याच्या कोठारात राहावा, आणि आकडे दोन वर्षांत सगळ्यांसाठी खुले व्हावेत. तुमच्या खासदाराला पाण्याबद्दल, हवामानाबद्दल काही विचारायची वेळ आली तर हेही विचारा, मंत्रालयाचं नाव पृथ्वी विज्ञान मंत्रालय, प्रश्न एका ओळीचा आहे, भारताच्या हिमालयातला १९६३ चा थर कुठल्या फ्रीझरमध्ये आहे.